पिंपासाठी शेरी

ग्लासात नाक घातलं की आधी येतात काळ्या मनुका. मग सुकं अंजीर, खजूर, जायफळ, लवंगेची चुणूक आणि या सगळ्यामागे जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसा वास. रंग काकवीकडे झुकलेला. बाटलीवर ‘शेरी ओक’ किंवा ‘शेरी कास्क’ असं काहीतरी छापलेलं असतं आणि ड्यूटी फ्रीमधून ती बाटली घेऊन आलेला मित्र पहिला पेग ओतताना हमखास सांगतो, “यात आधी शेरी ठेवलेली असते बरं का. शेरी विकून झाली की त्या रिकाम्या पिंपात हे लोक व्हिस्की भरतात.”

शंभर वर्षांपूर्वी हे वाक्य खरं होतं. आज त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि दुसरा जवळजवळ उलटा झालाय. ज्या शेरीने, म्हणजे स्पेनमधल्या वाइनने, आज ती पिंपं भिजतात ती बहुतेक वेळा कुणाच्या टेबलावर जातच नाही. पिंपाला शेरी पाजायची, एवढ्यासाठीच ती त्यात ओतलेली असते. पूर्वी शेरी हा माल होता आणि पिंप हे त्याचं खोकं. आता खोकं हाच माल झालाय आणि शेरी त्याच्या तयारीचा खर्च. ही उलथापालथ कशी झाली ते कळलं की लेबलावरच्या निम्म्या शब्दांचा अर्थ आपोआप लागतो.

आधी सिंगल माल्टचं, म्हणजे अशा बाटलीत बहुतेकदा असते त्या व्हिस्कीचं, थोडक्यात उरकून घेऊ, कारण त्याबद्दलही एक गैरसमज फार पक्का बसलाय. ‘सिंगल’ म्हणजे एकच पिंप नव्हे, एकच डिस्टिलरी. एका बाटलीत पन्नास पिंपांतली व्हिस्की एकत्र केलेली असू शकते, फक्त ती सगळी एकाच ठिकाणी बनलेली हवी. ‘माल्ट’ म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. मोड आले की दाणा आपल्यातल्या स्टार्चची साखर करायच्या तयारीला लागतो. तिथेच त्याला वाळवून थांबवायचं, भरडायचं, गरम पाण्यात साखर उतरवायची, यीस्ट घालून आंबवायचं. तयार होते साधारण ८-९ टक्के अल्कोहोलची, होप्स न घातलेली बिअरच म्हणा ना. ती तांब्याच्या हंड्यांतून बहुतेक ठिकाणी दोनदा गाळली, म्हणजे ऊर्ध्वपातन केलं, की हातात येतं पाण्यासारखं स्वच्छ, ७० टक्क्यांच्या आसपासचं तेज मद्य. रंग शून्य. याला कायद्याने अजून स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही. ते स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं राहावं लागतं आणि बाटलीत भरताना त्याची ताकद ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. वयाची ही अट १९१५ च्या कायद्याने आली, तेव्हा ती २ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ती ३ वर्षांची झाली. आजची सविस्तर नियमावली २००९ ची.

(आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीच्या बाटलीत बहुतेकदा पायाला साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेला स्पिरिट असतो. युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. हा वेगळाच विषय आहे, पण ‘व्हिस्की म्हणजे धान्य’ हे सांगताना कोल्हापूर-सांगलीचा माणूस जरा खाकरतो, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.)

म्हणजे रंग सगळा पिंपाचा, आणि चवीचाही मोठा हिस्सा पिंपाचाच. या धंद्यातली माणसं ६० ते ८० टक्के असे आकडे बिनधास्त फेकतात. चव टक्क्यांत कशी मोजायची हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही, पण रोख चुकीचा नाही.

दह्याचं विरजण आणि शेरीची सोलेरा

शेरी ही वाइन आहे, आणि ती एका जागेची आहे. स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात, कादिस प्रांतात तीन गावं आहेत: हेरेस दे ला फ्रोंतेरा, सानलुकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया. खरी शेरी या त्रिकोणातली. हेरेसला अरबांच्या राज्यात ‘शेरीश’ म्हणत. इंग्रजांच्या तोंडात त्याचं शेरी झालं. इथली माती पांढरीफटक, खडूसारखी. तिला अल्बारिसा म्हणतात. हिवाळ्यातला पाऊस ती स्पंजासारखी पिऊन ठेवते आणि वरचा थर वाळून कडक होतो, त्यामुळे आतली ओल कडक उन्हाळ्यात वेलींना पुरते. द्राक्षाची मुख्य जात पालोमिनो. तिची साधी वाइन म्हणजे अगदीच बेतास बात. जादू पुढे आहे.

त्या वाइनमध्ये द्राक्षांचंच मद्य घालून तिची ताकद वाढवतात. १५ टक्क्यांवर थांबलं आणि पिंप पूर्ण न भरता वर थोडी जागा ठेवली, तर वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते. तिला म्हणतात फ्लोर, म्हणजे फूल. त्या सायीखाली हवा लागत नाही, वाइन फिकट, हलकी आणि चुरचुरीत राहते, ती फिनो. ताकद १७ टक्क्यांच्या वर नेली तर साय जगत नाही. वाइन उघड्या हवेच्या संगतीत वर्षानुवर्षं म्हातारी होते, तपकिरी होते, अक्रोडासारखा वास धरते. ती ओलोरोसो. नावाचा अर्थच ‘सुवासिक’. व्हिस्कीवाल्यांचं प्रेम आहे ते मुख्यतः हिच्यावर.

आता एक गोष्ट, जी ऐकून बरेच जण दचकतात: ओलोरोसो गोड नसते. अस्सल ओलोरोसो ठणठणीत कोरडी असते. गोड असते ती पेद्रो हिमेनेस, जिला सगळे पीएक्स म्हणतात. त्या द्राक्षाचे घड चटयांवर उन्हात टाकून त्यांचे जवळजवळ बेदाणे होऊ देतात आणि मग रस काढतात. आपल्या तासगावकडे बेदाणा शेडमध्ये सावलीत वाळवतात, कारण रंग हिरवा-पिवळा राहायला हवा. तिथे रंगाची फिकीर नाही, उलट जितका काळा तितका बरा. पीएक्स ग्लासात ओतली की काचेला काकवीसारखी चिकटते. एका लिटरमध्ये ३००-४०० ग्रॅम साखर सहज. बरीचशी पीएक्स मुळात हेरेसच्या ईशान्येला कोर्दोबाजवळच्या मोंतिया-मोरिलेस भागात तयार होते आणि पिकायला हेरेसला येते.

शेरी मुरते ती सोलेरा पद्धतीने. पिंपांच्या रांगांवर रांगा. सगळ्यात खालच्या रांगेतून थोडी वाइन बाटलीसाठी काढायची, तिथे वरच्या रांगेतली भरायची, तिच्या जागी आणखी वरची, आणि सगळ्यात वर नवी वाइन. आपल्या घरातलं विरजण आठवा. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात, आजच्याचा उद्याच्या. आजीने कुणाकडून तरी आणलेलं विरजण कधी संपलेलंच नसतं, त्यात पहिल्या दह्याचा अंश कुठेतरी असतोच. सोलेराही कधी रिकामी होत नाही. शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेली सोलेरा आजही चालू असते आणि तिची पिंपंही तीच जुनी, काळ्या रंगाने रंगवलेली, बहुतेक अमेरिकन ओकची.

आणि इथेच मित्राच्या त्या वाक्यातली दुसरी फट दिसते. सोलेरातल्या पिंपाने वाइनला लाकडाची चव द्यावी असं शेरीवाल्याला मुळीच वाटत नाही. त्याला पिंप हवं असतं थकलेलं, निमूट, फक्त भांड्याचं काम करणारं. पन्नास-साठ वर्षांत लाकडातलं सगळं निघून गेलेलं असतं तेच त्याच्या कामाचं. व्हिस्कीवाल्याला हवं असतं नेमकं उलटं: ज्याच्या पोटात अजून द्यायला काहीतरी आहे असं पिंप. त्यामुळे “तुमची व्हिस्की शंभर वर्षांच्या सोलेराच्या पिंपात मुरलीय का?” हा प्रश्न कितीही रम्य असला तरी उत्तर जवळजवळ नेहमी नाही असंच असतं. बोदेगावाला, म्हणजे शेरीच्या कोठाराचा मालक, असं पिंप सहसा विकत नाही. आणि त्याने विकलं तरी त्यातून व्हिस्कीला फारसं काही मिळणार नाही.

मग ती जुनी पिंपं कुठली?

वाहतुकीची. इंग्रजांना शेरीचं वेड फार जुनं. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने कादिसच्या बंदरावर हल्ला केला, तेव्हा लुटीत शेरीची सुमारे २,९०० पिंपं नेली असं सांगतात. पुढची तीन-चारशे वर्षं ती लूट न राहता व्यापार झाला. शेरी पिंपांतून जहाजावर चढायची, लंडन, ब्रिस्टल, लीथ अशा बंदरांत उतरायची, आणि बाटल्या भरल्या जायच्या तिकडे, इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या व्यापाऱ्यांच्या तळघरांत. मद्य संपलं की पिंप उरायचं. ते परत स्पेनला पाठवायला भाडं कोण देणार? मग ते पडत्या भावात विकलं जायचं, आणि विकत घेणारे असायचे स्कॉटलंडमधले व्हिस्कीवाले. त्यांना द्रव साठवायला भांडं हवं होतं, बस्स. आपल्याकडे तेलाच्या रिकाम्या डब्यांना जे स्थान होतं तेच. पत्र्याचा डबा धान्यालाही चालतो, तुळशीलाही चालतो.

त्या डब्यात ठेवलेलं मद्य चविष्ट होतं, हे नंतर लक्षात आलं.

ही वाहतुकीची पिंपं नवीन किंवा फार न वापरलेल्या लाकडाची असत. सोलेरातल्यासारखी मेलेली नाहीत. त्यात शेरी प्रवासात आणि तळघरात काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं राहायची, म्हणजे लाकडात मुरायला पुरेसा वेळ. पण पिंपं पुरेनाशी झाली की काय करायचं हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला. ग्लासगोचा व्यापारी डब्ल्यू. पी. लौरी याने नव्या पिंपांना मुद्दाम शेरी पाजून तयार करण्याची वाट पाडली, असं त्याच्या नावावर सांगितलं जातं. पुढे याचा शॉर्टकटही निघाला. पॅक्सरेट नावाची दाट, काळी, उकळून आटवलेल्या द्राक्षरसाची गोड वाइन थकलेल्या पिंपात ओतायची आणि हवेच्या दाबाने लाकडात घुसवायची. काही मिनिटांचं काम. थकलेल्या बैलाला गुळाचं पाणी पाजावं तसं. कित्येक दशकं हे सर्रास चालत होतं आणि आज ज्या जुन्या बाटल्यांवर लोक डोळे मिटून उसासे टाकतात, त्यांतल्या काहींमागे हेच पॅक्सरेट आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते बंद झालं, कारण व्हिस्कीत बाहेरून चव घालायला परवानगी नाही आणि हे त्याच्या फारच जवळ जात होतं.

त्याच सुमारास मुख्य नळही आटला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शिखरावर असलेला शेरीचा खप घसरायला लागला. तरुणांच्या लेखी ती आजीच्या कपाटातली बाटली झाली. आणि ऐंशीच्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद झाली पाहिजे असा नियम पक्का झाला. जहाजाने पिंप येणं थांबलं. रिकामं पिंप ही गोष्टच उरली नाही.

बाकीच्या स्कॉटलंडचं यात फार बिघडलं नाही. अमेरिकेत बूर्बन, म्हणजे तिथली मुख्यतः मक्याची व्हिस्की, नव्याच, आतून जाळलेल्या ओक पिंपात मुरवावी लागते, असा तिथला कायदा. एकदा वापरलेलं पिंप त्यांना दुसऱ्यांदा बूर्बनला वापरता येत नाही. म्हणजे रिकामी पिंपं ढीगभर आणि स्वस्त. आज स्कॉचची बहुतांश पिंपं त्याच वाटेने येतात. अडचण झाली ती ज्यांचं नावच शेरीवर उभं होतं त्यांची: मॅकॅलन, ग्लेनफार्कलस, ग्लेनड्रोनक आणि त्यांच्यासारख्या काहींची.

बिडाचा तवा

त्यांनी केलं ते असं. व्यापारातून पिंप मिळत नसेल तर व्यापाराचं नाटक करायचं.

स्पेनच्या उत्तरेकडच्या गालिसिया, आस्तुरियास, कांताब्रिया या पावसाळी भागांतला ओक तोडून फळ्या पाडतात, किंवा अमेरिकेतून पांढरा ओक आणतात. फळ्या उघड्यावर रचून ठेवतात, दीड-दोन वर्षं ऊन-पावसात. कडवट टॅनिन धुऊन जातं, लाकूड वाळतं. मग हेरेसच्या कारखान्यांत पिंपं बांधतात. खिळा नाही, गोंद नाही. फळ्या आगीवर तापवून वाकवायच्या आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळायच्या. आतून शेकणं त्याच आगीत होतं. बूर्बनचं पिंप आतून कोळसा होईपर्यंत जाळतात, शेरीचं भाजतात. पापड जाळणं आणि पापड भाजणं यात जो फरक तोच.

मग त्यात ओलोरोसो भरतात आणि दीड ते दोन वर्षं सोडून देतात. ‘शेरी कास्क’ हे नाव आता हेरेसच्या नियामक मंडळाच्या प्रमाणपत्राखाली येतं आणि त्यासाठी शेरी किमान एक वर्ष पिंपात असावी लागते. हे ‘सीझनिंग’ म्हणजे मराठीत सांगायचं तर मुरवणं. नवा बिडाचा तवा घरी आणल्यावर त्यावर लगेच घावन घालत नाही आपण. तेल लावतो, तापवतो, कांदा फिरवतो, दोन-चार दिवस हेच. तो कांदा कुणी खायचा नसतो. पिंपातली ही ओलोरोसो म्हणजे तो कांदा. एका पिंपातून दुसऱ्यात अशी ती काही वेळा फिरते, आणि लाकूड शोषून शोषून तिची वाइन म्हणून किंमत संपली की तिचं ऊर्ध्वपातन होतं किंवा व्हिनेगर बनतं.

रिकामं झालेलं पिंप स्कॉटलंडला जातं. साधारण ५०० लिटरचं असं एक पिंप, ज्याला बट म्हणतात, बूर्बनच्या २०० लिटरच्या पिंपाच्या अनेक पट महाग पडतं. झाड तोडल्यापासून त्यात व्हिस्कीचा पहिला थेंब पडेपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात. बाटलीच्या किमतीत हे सगळं आलं. थोडी जाहिरातही आली, ती वेगळी.

हे ऐकून काही जणांना फसवल्यासारखं वाटतं. “म्हणजे खरी शेरी-पिंपं नाहीतच?” मला यात फसवणूक दिसत नाही. जुन्या पिंपात शेरी योगायोगाने मुरायची, आता ठरवून मुरते. जुना माल दर वेळी वेगळा यायचा, कुठलं पिंप कुठल्या व्यापाऱ्याकडे किती दिवस पडलं होतं यावर अवलंबून. नवा जास्त एकसारखा येतो. काय आवडावं ते ज्याचं त्याने ठरवावं. माझं गाऱ्हाणं फक्त त्या जाहिरातींबद्दल आहे, ज्यांत मावळतीच्या उन्हात जुन्या बोदेगा दाखवतात आणि पिंपं मात्र दुसऱ्याच शेडमधून ट्रकने निघालेली असतात.

मनुका कुठून आल्या?

आता मूळ प्रश्न. त्या मनुका, अंजीर, लवंग हे सगळं शेरीतून आलं का?

थोडं आलं. रिकाम्या पिंपाच्या फळ्यांत काही लिटर शेरी जिरून बसलेली असते. तिच्यातली आम्लं, थोडी साखर, हवेत म्हाताऱ्या झालेल्या वाइनचा तो अक्रोडी वास हे सगळं हळूहळू व्हिस्कीत उतरतं. पण मोठं काम लाकूड करतं. ओक तापवला की त्यातल्या लिग्निनचे तुकडे होतात आणि त्यातून व्हॅनिलिन सुटतं, तेच जे व्हॅनिलात असतं. हेमिसेल्युलोज ही लाकडातली साखरेची साखळी. ती भाजली की कॅरमलचा वास येतो. अमेरिकन ओकमध्ये नारळासारखा वास देणारी लॅक्टोन भरपूर. युरोपीय ओकमध्ये टॅनिन जास्त: रंग लालसर तपकिरी, लवंगी मसाला, आणि जिभेवर कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा.

शेरी या टॅनिनची धार बोथट करते. लोणच्यात मीठ आणि आंबट कैरी एकमेकांना जसं मवाळ करतात तसं काहीतरी पिंपाच्या भिंतीत आधीच होऊन गेलेलं असतं. आणि तिसरं काम हवेचं. लाकूड श्वास घेतं, थोडा प्राणवायू आत जातो, अल्कोहोल आणि आम्लं जुळून फळांसारख्या वासाची एस्टर तयार होतात. स्कॉटलंडमध्ये दरवर्षी साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात.

याचा घरबसल्या तपासायचा पुरावा आहे. मॅकॅलनची १२ वर्षांची ‘शेरी ओक’ आणि १२ वर्षांची ‘डबल कास्क’ शेजारी ठेवा. दोन्हींची सगळी पिंपं हेरेसमध्ये शेरी पाजलेलीच. फरक असा की दुसरीत युरोपीय ओकच्या जोडीला अमेरिकन ओकची पिंपं आहेत. डिस्टिलरी एक, वय एक, शेरीही एकाच वळणाची. पण पहिलीत सुकामेवा आणि मसाला, दुसरीत मध, व्हॅनिला, संत्र्याची साल. ज्याला आपण इतकी वर्षं ‘शेरीची चव’ म्हणत आलो, तिच्यातला मोठा वाटा गालिसियाच्या झाडाचा आहे, हे या दोन ग्लासांत कळतं. मला स्वतःला हे फार उशिरा कळलं. तोवर मीही तोच ड्यूटी फ्रीवाला मित्र होतो.

पिंपाइतकंच महत्त्वाचं आहे त्यात काय ओतलं ते. हलकं, फुलासारखं मद्य युरोपीय ओकच्या ताज्या पिंपात बारा वर्षं ठेवलं तर फक्त लाकूडच उरतं. मॅकॅलनचे तांब्याचे हंडे मुद्दाम बुटके आणि लहान आहेत, कारण अशा हंड्यातून जड, तेलकट मद्य निघतं आणि ते पिंपाशी झुंजू शकतं. ग्लेनफार्कलस १८६५ पासून एकाच ग्रँट कुटुंबाकडे आहे. त्यांचे हंडे उलट प्रचंड मोठे, पण ते आजही खालून थेट आगीवर तापवतात. बहुतेकांनी वाफेच्या नळ्या कधीच बसवल्या. थेट आगीने मद्याला खरपूस अंग येतं. ॲबरलाउअरची ‘अबूना’ १९९७ मध्ये आली: पाणी न घालता, पिंपातून निघाली त्याच ताकदीची, सगळी ओलोरोसो पिंपांतली. नावाचा गेलिकमधला अर्थ ‘मूळ’. ६० टक्क्यांच्या आसपासची ही बाटली नीट मारणाऱ्याने आधी दोन थेंब पाणी घालावं. पौरुष सिद्ध करायला इतर जागा आहेत.

लेबल वाचताना

‘फर्स्ट फिल’ म्हणजे शेरीनंतर त्या पिंपात व्हिस्की पहिल्यांदाच भरली. ‘रीफिल’ म्हणजे तीच चहाची पत्ती पुन्हा उकळलेली. रीफिल वाईट नव्हे. ज्या व्हिस्कीला पंचवीस वर्षं मुरायचंय तिला ताजं पिंप गिळून टाकेल, तिथे थकलेलंच हवं. ‘मॅच्युअर्ड इन’ आणि ‘फिनिश्ड इन’ यात मात्र मोठा फरक आहे. फिनिश म्हणजे आयुष्यभर दुसऱ्या पिंपात राहून शेवटचे काही महिने शेरीच्या पिंपात घालवलेले. या प्रकाराला घरोघरी पोहोचवलं बालव्हेनीच्या डेव्हिड स्ट्यूअर्टने. १९९३ ची ‘डबलवुड’ बारा वर्षं साध्या पिंपात आणि नंतर सुमारे नऊ महिने शेरीच्या पिंपात. फार सुबक व्हिस्की. पण ती शेरीच्या पिंपात बारा वर्षं होती असं तिचा तो मनमिळाऊ दुकानदार सांगत असेल तर मान हलवून पुढे जावं.

रंगावर जाऊ नये. स्कॉचमध्ये रंगासाठी साधा कॅरमल घालायला परवानगी आहे, आणि तो घातला जातो. ‘नॅचरल कलर’ लिहिलेलं असेल तरच रंग काही सांगतो. बाटलीवरचं वय हे त्यातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं, सरासरी नव्हे.

आणि गंधक. कधीकधी शेरीच्या पिंपातल्या व्हिस्कीला विझवलेल्या काडेपेटीचा, रबराचा, अगदी उकडलेल्या अंड्याचा वास येतो. रिकामं ओलं पिंप बुरसटू नये म्हणून त्यात गंधकाची कांडी जाळत, त्याची ही आठवण. काही नाकांना तो वास दुरूनही येतो आणि काहींना अजिबातच येत नाही, त्यामुळे एकाच बाटलीवरून मित्रांत भांडणं होतात आणि दोघेही खरं बोलत असतात. किंचित काडेपेटी मला चालते. रबर चालत नाही.

आपल्याकडचं ऊन

हीच पिंपं भारतातही येतात. बंगळुरूची अमृत, हरियाणातली इंद्री, आणि दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन. पॉल जॉनच्या ओलोरोसो आणि पीएक्स पिंपांतल्या बाटल्या निघाल्या आहेत, आणि इंद्रीच्या ‘त्रिणी’मध्येही तीन प्रकारच्या पिंपांतलं एक पीएक्सचं आहे. पण गोव्याच्या किंवा बंगळुरूच्या हवेत स्कॉटलंडचा हिशेब चालत नाही. तिथले २ टक्के इथे १० टक्क्यांच्या घरात जातात. अमृत साधारण चार-पाच वर्षांतच बाटलीत भरतात, कारण अजून थांबलं तर पिंपात व्हिस्की उरणार नाही आणि जी उरेल ती लाकूडच होईल. उकाड्यात मद्य फळ्यांत खोल शिरतं, टॅनिन भराभर ओढतं. ताजं युरोपीय ओकचं शेरी पिंप इथे दोन-तीन वर्षांत चहा कडू करतं. म्हणून अमृतने २०१० च्या ‘इंटरमीडिएट शेरी’त युक्ती केली: आधी बूर्बनची आणि नवी पिंपं, मधे काही काळ शेरीची, आणि मग पुन्हा बूर्बनची. माहेर, सासर, पुन्हा माहेर. मी प्यायलेल्या भारतीय बाटल्यांपैकी जिच्यात शेरी आणि ऊन एकमेकांवर ओरडत नव्हते, अशी ती एक.

उलट टोकाला मॅकॅलनचं २६३ क्रमांकाचं शेरी पिंप आहे. १९२६ मध्ये भरलेलं, १९८६ मध्ये उघडलेलं. साठ वर्षांनी त्यातून ४० बाटल्या निघाल्या. त्यांतली एक नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात २१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. १९२६ म्हणजे वाहतुकीच्या पिंपांचा काळ. तेव्हा रिकामं पिंप पडत्या भावात मिळत होतं.

त्या बाटलीचं आपल्याला काही करायचं नाही. घरातली ‘शेरी ओक’ उघडली असेल तर एवढंच करून बघा: ग्लासात थोडी ओता, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग पहिला छोटा घोट तोंडात फिरवा. हिरड्यांना जे आवळतं ते झाड. मागून, घोट गिळून झाल्यावर अक्रोडासारखं, जरा खारट, ओल्या तळघरासारखं काहीतरी येतं. ती शेरी. ती सगळ्यांच्या ग्लासात येतेच असं नाही.